आधी आइस्क्रीम

शुक्रवारी सकाळी विगातीच्या दारात तिसरा राइस कुकर आला. घेऊन आल्या होत्या शेजारच्या सुमार्नीबाई, आमच्या जावातल्या बोलीत बू सुमार्नी. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि म्हणाल्या, "बघ गं जरा. भात खालून करपतो नि वरून कच्चा राहतो. म्हटलं, शेजारी इंजिनियर असताना बाजारात कशाला जायचं?"

"बू, मी तसली इंजिनियर नाही हो," विगाती म्हणाली. हे वाक्य आता तिला झोपेतही म्हणता येत होतं.

"मग कसली?"

"इंडस्ट्रियल. म्हणजे असं बघा, कारखान्यात शंभर माणसं काम करतात. कुणी कुठे उभं राहायचं, कशानंतर काय करायचं, म्हणजे वेळ फुकट जाणार नाही, ते मी सांगायचं."

बू सुमार्नींनी यावर अगदी मनापासून विचार केला. "म्हणजे काम दुसऱ्यांनी करायचं आणि तू नुसतं सांगायचं."

"तसं नाही, पण... हो."

"मग आमचे हे जन्मापासून इंजिनियरच आहेत की!" असं म्हणून त्यांनी कुकर उचलला आणि बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेला. तिथे विगातीचे वडील सुकिरानराव, म्हणजे पाक सुकिरान, मोटारसायकली दुरुस्त करत. त्यांनी सहा मिनिटांत कुकर चालू करून दिला आणि विगातीकडे पाहिलं नाही. न पाहणं हे त्यांचं बोलणंच होतं.

पाक सुकिरान यांचं दुखणं साधं होतं. सत्तावीस वर्षं ग्रीसमध्ये हात घालून त्यांनी पोरीला सोलो शहरातल्या कॉलेजात इंजिनियर केलं. आपल्याला उघडता येत नाहीत ती इंजिनं ती उघडेल, एवढीच त्यांची अपेक्षा. पोरगी परत आली ती एक स्टॉपवॉच आणि एक वही घेऊन. पहिल्याच आठवड्यात तिने बापाला सांगितलं, "बापाक, तुम्ही पाना घ्यायला दिवसातून एकशे बारा वेळा उठता." बापाक म्हणाले, "आणि तू एकदाही उठत नाहीस." तेव्हापासून शेडमध्ये तिचा सल्ला बंद होता.

या गोष्टीला चौदा महिने झाले होते. तिने एकसष्ट अर्ज केले. कारखानेवाले म्हणायचे, आम्हाला यंत्रातलं कळणारा माणूस हवा. ऑफिसवाले म्हणायचे, आम्हाला हिशेबातलं कळणारा हवा. पहिल्या वर्षी प्राध्यापकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "हे शिक्षण घेतलेला माणूस कुठेही काम करू शकतो." 'कुठेही' म्हणजे नेमकं कुठे, हे चार वर्षांत एकाही पठ्ठ्याने विचारलं नव्हतं. तिच्या वर्गातला एक आता विमा विकत होता, एकजण लहान मुलांना पोहायला शिकवत होता आणि एकीने तळलेल्या कोंबडीची गाडी टाकली होती. तिच्या गाडीसमोरची रांग फार शिस्तीत असते म्हणे.

त्या संध्याकाळी बापाकने हात पुसले आणि निकाल लावला. "रविवारी लग्न आटपलं की सोमवारपासून मावशीच्या कापडाच्या दुकानात बसायचं. मीटर-मीटर मोजायचं. मोजायची तुला आवड आहेच."

"रविवारपर्यंत नोकरी मिळाली तर?"

"दोन दिवसांत? चौदा महिन्यांत नाही मिळाली ती?"

"मिळवीन," विगाती म्हणाली. ती एकदा असं म्हणाली की घरातले लोक पुढचं बोलत नसत, कारण उपयोग नसे.

तिच्या डोक्यात एक बेत होता. रविवारचं लग्न तिच्या चुलत बहिणीचं, म्हणजे पाकडे दार्सोनोंच्या मुलीचं. पाकडे म्हणजे तिच्या बापाचे थोरले भाऊ. त्या लग्नाला पाक हान्दोयो येणार होते. पाक हान्दोयो रस्त्यापलीकडच्या कापडगिरणीत मोठे साहेब. नेमके कसले साहेब ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यांची गाडी काळी होती आणि ते ती स्वतः चालवत नसत, तेव्हा चौकशीची गरज कुणाला वाटली नाही. त्यांच्यापर्यंत पोचायचं आणि आपलं काम त्यांच्या डोळ्यांना दाखवायचं, असं विगातीने ठरवलं. एकसष्ट कागदांनी झालं नाही ते डोळ्यांनी होईल.

आणि देवाची करणी अशी की रविवारी पहाटेच संधी लंगडत दारात आली. आमच्याकडे लग्नात पाहुणे उठून ताटं घ्यायला जात नाहीत. ते खुर्च्यांवर बसतात आणि गावातली चाळीस तरुण मुलं तबकं घेऊन रांगारांगांतून हातोहात वाढत जातात. आधी गोड चहा नि खाऊ, मग सूप, मग भात, शेवटी आइस्क्रीम. आइस्क्रीम आलं की पाहुण्याने समजायचं, आता निघायचं. यजमानाला 'या आता' म्हणायची पाळी येत नाही, आइस्क्रीमच ते म्हणतं. या चाळीस पोरांचे म्होरके तीस वर्षं पाक कास्नो होते. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून नुसती भुवई उडवत आणि चारशे माणसं जेवून उठत. पण शनिवारी त्यांनी बोकडाच्या आतड्यांचा रस्सा तीनदा मागून घेतला आणि पहाटे त्यांच्या पायाच्या अंगठ्याची सुजून पपई झाली.

"मेलो!" पाकडे दार्सोनोंनी डोक्याला हात लावला. "चारशे ऐंशी पाहुणे यायचेत आणि याचा पाय बघा!"

"पाकडे, मी करते," विगाती म्हणाली.

"तू? अगं, हे कास्नोचं काम आहे. तीस वर्षांचा अनुभव आहे त्याला."

"चारशे ऐंशी पाहुणे, चाळीस मुलं, चार पदार्थ. हाच तर माझा अभ्यासक्रम होता."

पाकडेंनी पाक कास्नोंकडे पाहिलं. पाक कास्नो पाय उशीवर ठेवून कण्हत म्हणाले, "करू दे तिला. पण पोरी, एक लक्षात ठेव. घाई करू नकोस." विगातीने मान हलवली. घाई हा शब्दच तिच्या विषयात नव्हता. तिथे त्याला कार्यक्षमता म्हणत.

आठ वाजता ती लग्नाच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात शिरली. तिथे स्वयंपाकाच्या प्रमुख बू पैनेम आणि अकरा बायका गोल करून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पुढे थाळ्या, मध्ये भाताची घमेली, मटणाचं पातेलं, म्हशीच्या वाळवलेल्या कातडीची तिखट भाजी, कुरडया. प्रत्येकजणी भातापासून कुरडईपर्यंत सगळं स्वतः वाढत होती आणि मधे मधे गप्पा, किंवा खरं सांगायचं तर गप्पांच्या मधे मधे थाळ्या. विगातीने स्टॉपवॉच काढलं. एका थाळीला बावन्न सेकंद!

"बू पैनेम, असं बसू नका. ओळीत बसू या. पहिलीने फक्त भात घालायचा, दुसरीने फक्त मटण, तिसरीने रस, चौथीने भाजी. थाळी पुढे सरकत जाईल. दर तीन सेकंदांनी एक थाळी बाहेर पडेल."

"आमचं काय वाईट चाललंय?" बू पैनेमनी विचारलं.

"वाईट नाही. चांगलं होऊ शकतं."

बू पैनेमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण यजमानाची पुतणी, बोलणार काय? बाराजणी ओळीत बसल्या. पहिल्या दहा मिनिटांत सगळं सुरेख चाललं. मग लक्षात आलं की पहिलीला बारावीचं काही ऐकू येत नाही. वधूच्या सासूने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंय, ही बातमी बारावीकडे होती. ती एकीकडून दुसरीकडे सांगत सांगत यायची आणि जिच्यापाशी बातमी पोचायची तिच्यापाशी थाळी थांबायची. तरी विगातीने धीर सोडला नाही. वेळ भरून काढायला तिने दोन मुलांना बसवून आइस्क्रीम आधीच वाट्यांत काढून घेतलं. शेवटी घाई नको, चारशे ऐंशी वाट्या तयार असलेल्या बऱ्या.

दहा वाजता पाहुणे आले. चहा गेला, खाऊ गेला. तिने हॉलचे चार भाग करून प्रत्येक भागाला दहा मुलं दिली होती; पाक कास्नोंच्या वेळी पुढच्या रांगेचं सूप मागे पोचेपर्यंत निवायचं, आज वाफाळतं पोचलं. तिसऱ्या रांगेत निळ्या बाटिकच्या शर्टात पाक हान्दोयो बसले होते. त्यांनी सूप घेता घेता मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग चारही बाजूंना पाहिलं आणि भुवया उंचावल्या. विगातीने मनातल्या मनात टाळी वाजवली. त्यांना दिसतंय, त्यांना कळतंय!

तेवढ्यात ओळीतल्या चौथ्या बाईचं बाळ रडायला लागलं. ती उठली आणि त्याला पाजायला मागे गेली. आता भाजी कोण घालणार? पाचवी म्हणाली, "मला कुरडई सांगितलीय." तिसरी म्हणाली, "मला रस." बू पैनेमनी हाताची घडी घातली. "आम्ही काय बोलणार बाई? इंजिनियरला विचारा." अर्ध्या थाळ्या भाजीवाचून अडकल्या, त्यांच्यामागे बाकीच्या अडकल्या आणि भाताच्या थाळ्यांचा ढीग भिंतीला लागला.

विगाती दारात आली तेव्हा परिस्थिती अशी होती: सुपाच्या वाट्या परत आलेल्या. चाळीस मुलं रिकाम्या हातांनी उभी. पाहुणे रिकाम्या हातांनी बसलेले. पाक हान्दोयो पुन्हा घड्याळ बघतायत. भाताला अजून वीस मिनिटं. आणि टेबलावर चारशे ऐंशी वाट्यांतलं नारळाचं आइस्क्रीम कडेकडेने पाणी सोडायला लागलेलं. रिकामे हात हे तिच्या विषयात महापाप होतं आणि वितळणारा माल त्याहून मोठं. तिने ओठ आवळले.

"आइस्क्रीम काढा," ती म्हणाली.

"म्बाक," मुलांपैकी एकजण बिचकत म्हणाला, "ताई, पण आइस्क्रीम म्हणजे..."

"मला माहितीय काय ते. मी याच गावात वाढले. पण लोक काय खुळे आहेत? भात आला नाही हे त्यांच्या पोटाला कळणार नाही का? आणि मी माइकवरून सांगायला लावते."

तिने खरंच सांगायला लावलं. निवेदकाच्या कानात ती म्हणाली, "भाताला उशीर आहे, तोवर आइस्क्रीम घ्या, कुणी उठू नका, एवढं सांगा." पण निवेदक लग्नात राजदरबारी जावानी बोलत. ती भाषा इतकी सुरेख असते की तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, नुसती कानांवर झुळूक घेतात. 'भाताला उशीर आहे' असलं उघडंवाघडं वाक्य त्या भाषेत बसेना. निवेदक डोळे मिटून गाऊ लागले, "शुभ्र मोत्यांची रास अवतरेपर्यंत हिमकणांनी आपली रसना शीतल व्हावी, ही चरणकमळी प्रार्थना..." पाहुण्यांनी समाधानाने माना डोलावल्या आणि आइस्क्रीम संपवलं.

सगळ्यात आधी उठले ते मागच्या रांगेतले एक आजोबा. सत्तर वर्षांची सवय. वाटी खाली ठेवली, तोंड पुसलं, उठले. शेजारच्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात आलं असेलच की भात कुठे गेला? पण आमच्याकडे माणूस भुकेने चक्कर येऊन पडेल, लग्नात भात मागणार नाही. तोही उठला. मग त्याची बायको. मग रांग. मागची रांग उठलेली दिसल्यावर पुढच्यांना वाटलं आपणच लोचटासारखे बसलोय, म्हणून ते जास्तच भरभर उठले. चार मिनिटांत अख्खा हॉल दाराशी आला. नवरानवरी अजून एकमेकांना घास भरवण्यापर्यंतही पोचले नव्हते. त्यांना कुणीतरी ओढून दाराशी उभं केलं आणि हस्तांदोलन सुरू झालं.

"जेवण काय अप्रतिम हो, दार्सोनो!"

"मटण तर तोंडात विरघळलं!"

"आणि भात! कसा मोकळा शिजला होता!" हे म्हणणाऱ्या बाईंनी भाताचं शीतसुद्धा पाहिलं नव्हतं.

पाकडे दार्सोनो मंचाजवळ उभे होते, तिथून त्यांना ताटं दिसली नव्हती. ते भरल्या डोळ्यांनी वाकून वाकून आभार मानत होते. विगाती दारापाशी धावली. "सर, सर, भात यायचाय!" ती पाक हान्दोयोंना म्हणाली. पाक हान्दोयोंनी तिचा हात हातात घेतला. "छे छे, पोट गच्च झालं. व्यवस्था तुमची का? फारच चपळ. मी आजवर कुठल्याच लग्नातून इतक्या लवकर बाहेर पडलो नव्हतो." आणि काळी गाडी निघून गेली.

त्याच क्षणी स्वयंपाकघराचं दार उघडलं. बाळ झोपलं होतं, भाजी पडली होती, बू पैनेम पहिलं तबक घेऊन स्वतः बाहेर आल्या. समोर चारशे ऐंशी रिकाम्या खुर्च्या. "माणसं कुठायत?" त्यांनी विचारलं.

पाकडे एका खुर्चीवर बसले. त्यांना आता सगळं कळलं होतं. "विगाती," ते हळू म्हणाले, "माझ्या घरातलं हे एकच लग्न होतं गं. आता गाव म्हणेल, दार्सोनोने आइस्क्रीम चाटवून हाकलून दिलं." ओरडले असते तर बरं झालं असतं. विगातीला इतकी लाज वाटली की तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. नोकरी गेली खड्ड्यात, या माणसाचं तोंड कसं बघायचं?

बापाक कोपऱ्यातून उठून तिच्याजवळ आले. ते मावशीच्या दुकानाचं काहीतरी बोलणार असं तिला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "आता?"

विगातीने डोळे पुसले. "आता भात त्यांच्या घरी जाणार."

"चारशे ऐंशी घरी?"

"एकशे त्र्याण्णव घरी. नोंदवहीत नावं आहेत, नावापुढे वाडी आहे. अकरा वाड्या. सगळ्यात लांबची वाडी आधी सुटेल. बापाक, मोटारसायकली किती आहेत?"

"पोरांच्या एकोणीस. माझ्याकडे शेडमध्ये सहा, पण त्या गिऱ्हाइकांच्या."

"चालतात का?"

बापाकना हा प्रश्न लागला. "माझ्याकडून गेलेली गाडी चालत नाही असं कधी झालंय? चला, चाचणी तरी होईल," म्हणत ते किल्ल्या आणायला गेले.

विगाती स्वयंपाकघरात गेली आणि बू पैनेमसमोर हात जोडून खाली बसली. "चुकलं माझं. तुम्ही तुमच्या पद्धतीने बसा. मला फक्त पानात बांधून पाहिजेत, तासाभरात."

"गोल बसायचं?"

"गोल बसा."

"बोलायचं?"

"बोला, हवं ते बोला."

बाराजणी गोल बसल्या. केळीची पानं आली, तपकिरी कागद आला. सासूचा विषय पहिल्यापासून निघाला, त्यातून बू सुमार्नींच्या नवऱ्याचा निघाला, हसून हसून बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हात असे चालले की दिसेनात. बावन्न मिनिटांत चारशे ऐंशी पुड्या तयार झाल्या. विगातीने स्टॉपवॉच खिशातून बाहेरच काढलं नाही, दारावरच्या घड्याळात पाहिलं. बाहेर तिने खडूने जमिनीवर अकरा चौकोन आखले, पुड्या त्यांत लावल्या, चाळीस पोरांत घरची आणखी दहा मिसळून, एकाने चालवायचं आणि एकाने धरायचं अशा जोड्या केल्या. प्रत्येकाकडून वाक्य पाठ करून घेतलं: "पाक दार्सोनोंनी माफी मागितली आहे, भात मागे राहिला होता." पाऊण तासात पंचवीस मोटारसायकली दोन-दोन फेऱ्या करून आल्या. एका गिऱ्हाइकाला त्याचीच मोटारसायकल भात घेऊन आली, पण तो भात बघून गप्प बसला.

पाक हान्दोयोंच्या पुड्या तिने स्वतःकडे ठेवल्या होत्या. नोकरीसाठी नाही, त्या माणसासमोर आता कुठल्या तोंडाने नोकरी मागायची? पण चूक आपली आहे तर दारात आपणच उभं राहायचं, असं तिला वाटलं. बापाकने गाडी काढली. तिठ्यावर वळताना त्यांनी करकचून ब्रेक मारला.

तिठ्यावर बाक्सोची टपरी आहे, रश्शातले मांसाचे गोळे मिळतात. एरवी रविवारी तिथे चार माणसं असतात. आज रेशमी शर्ट, सोनेरी शाली, मोत्यांच्या कुड्या, अशी सत्तर-ऐंशी माणसं बाकड्यांवर, कट्ट्यावर, टायरवर बसून वाडगे ओरपत होती. टपरीवाला एकटा आणि वाडगे मोजके, त्यामुळे पाळी यायलाच दीड तास गेला होता. विगातीला पाहून चमचे थांबले. एका बाईंनी वाडगा शालीखाली घेतला.

"आम्ही आपले... सावलीला बसलोय," कुणीतरी म्हणालं.

कोपऱ्यातल्या बाकड्यावर निळा शर्ट होता. पाक हान्दोयोंचा एक गाल फुगलेला होता. त्यात अख्खा गोळा होता आणि तो चावावा की गिळावा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. बाहेर काळी गाडी झाडाआड उभी केली होती.

विगाती मधोमध उभी राहिली. "चूक माझी झाली," ती मोठ्याने म्हणाली. "पाकडेंनी भात भरपूर केला होता. वाढायची व्यवस्था माझी होती, ती अडकली, आणि मी आइस्क्रीम आधी पाठवलं. पाकडेंना नावं ठेवू नका. ज्यांच्या घरी पुड्या गेल्यात त्यांनी घरी जाऊन जेवा."

टपरीने सुटकेचा निःश्वास टाकला. सगळ्यात आधी उठलेले ते आजोबा म्हणाले, "तरीच! मला वाटलं, मी भात खाल्ला आणि विसरलो. पोराने डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतं!" मग जो हशा झाला त्यात शालीखालचा वाडगाही बाहेर आला.

विगातीने पाक हान्दोयोंसमोर पुड्या ठेवल्या. त्यांनी गोळा गिळला. "कुठे अडकलं?" त्यांनी विचारलं.

"चौथ्या जागेवर. भाजीवाल्या बाईचं बाळ रडलं."

"म्हणजे बाळामुळे."

"नाही सर. माझ्या आखणीत बाळाला जागा नव्हती, त्यामुळे."

पाक हान्दोयोंनी चमचा खाली ठेवला. "शिक्षण काय झालंय?"

"इंडस्ट्रियल इंजिनियरिंग."

"अरे देवा," ते म्हणाले. "माझंही तेच."

"म्हणजे तुम्ही गिरणीत उत्पादन बघता?"

पाक हान्दोयोंनी आजूबाजूला पाहिलं आणि बाकड्यावर पुढे वाकले. "खानावळ," ते कुजबुजले. "गावात सांगू नका. बावीसशे कामगार, जेवायला चाळीस मिनिटं. सतरा वर्षं मी त्या रांगेशी झगडतोय. मागचे दोनशे रोज ताट न घेताच कामावर परत जातात. आज तुमचं सूप मागच्या रांगेपर्यंत गरम कसं पोचलं, ते मला कळायला हवंय. उद्या सात वाजता या. पगार बेताचा आहे, पण कामाला तोटा नाही."

विगातीच्या मनात आधी 'गिरणी' हा शब्द उड्या मारू लागला आणि मग 'खानावळ' हा शब्द त्याच्या डोक्यावर येऊन बसला. एकसष्ट अर्जांत तिने कुठेही खानावळ लिहिली नव्हती. पण दोनशे माणसं रोज उपाशी? रोज? तिला राहवेना. "येते," ती म्हणाली.

बापाक बाहेर गाडीपाशी होते. 'उद्या सात वाजता' एवढं त्यांच्या कानावर आलं, आणि तेवढं त्यांना पुरलं. घरी जाताना ते प्रत्येक कोपऱ्यावर थांबले. "पोरगी गिरणीत लागली! इंजिनियर म्हणून!" विगातीने तीनदा तोंड उघडलं, तीनदा कुणीतरी अभिनंदनाचा हात पुढे केला. रात्री त्यांनी मावशीला फोनवर कळवून टाकलं की कापड मोजायला दुसरं कुणी बघ. मग रॉकेलने नखं घासत बसलेल्या बापाला खानावळीचं सांगायचं तिला धाडस झालं नाही. चौदा महिन्यांत ते पहिल्यांदा शीळ घालत होते.

सोमवारी पावणेसातला पाक सुकिरान लग्नातला शर्ट घालून, लेकीला मागे बसवून गिरणीच्या मोठ्या फाटकापुढे आले. रखवालदाराने यादीवरून बोट फिरवलं. "विगाती... विगाती... हां, ही काय. खानावळ. खानावळीच्या बायकांनी मागच्या फाटकाने जायचं. भाताची गाडी जाते तिथून."

बापाकने इंजिन बंद केलं.

"मी सांगणारच होते," विगाती घाईघाईने म्हणाली. "खानावळच आहे, बापाक. पण बावीसशे माणसं आहेत, आणि त्यांतली दोनशे रोज उपाशी राहतात. ते मला थांबवता येईल. नक्की येईल."

पाक सुकिरान यांनी आपल्या घासून पांढऱ्या झालेल्या नखांकडे पाहिलं. "कालच्या चारशे ऐंशीपैकी शेवटी उपाशी किती राहिले?"

"एकही नाही."

त्यांनी मान हलवली, गाडी स्टँडला लावली आणि रखवालदारापाशी गेले. "भाताला मागून जाऊ दे," ते म्हणाले. "ही इंजिनियर आहे. ही पुढूनच जाणार."

"पण यादीत खानावळ..."

"मग यादी बिघडलीय. दुरुस्त कर."

रखवालदाराने एकदा यादीकडे पाहिलं, एकदा पाक सुकिरान यांच्या दंडांकडे पाहिलं, आणि फाटक उघडलं.